कशाहून आणि कशाने? : विभक्ती आणि तर-तम भाव यांचा तौलनिक परिचय

स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासलेख द्यावा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा इतिहासावर लिहावे, असे प्रथम मनात आले. इतिहास हा आमच्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय. परंतु निवासी शाळेत शिक्षकाला एकाच विषयाचे कुंपण नसते. इतिहासाचा तास संपवून आम्ही मराठीच्या तासाला जात आलो आणि संध्याकाळच्या अभ्यासिकेत इंग्रजीचे स्वाध्यायही तपासत आलो. या तीन वाटांवर जाता-येता जे एक सूत्र हाती लागले, ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर ठेवावे, असे ठरवून हा लेख लिहीत आहोत.

विषय व्याकरणाचा आहे. व्याकरण म्हटले की अनेकांना तक्ते आणि छडी आठवते. आमची विनंती एवढीच की, हा लेख परीक्षेसाठी वाचू नये. माणूस माणसाला मोठा किंवा लहान म्हणतो तेव्हा भाषेत नेमके काय घडते, एवढाच प्रश्न आपण येथे घेणार आहोत. ज्या समाजाला शतकानुशतके 'लहान' म्हटले गेले, त्याच्यासाठी हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही.

विभक्ती म्हणजे काय?

वाक्यात नाम एकटे नसते. त्याचे क्रियापदाशी किंवा दुसऱ्या नामाशी काही नाते असते. ते नाते दाखवण्यासाठी नामाच्या रूपात होणारा बदल म्हणजे विभक्ती. 'गाव' हा एकच शब्द घेऊ. गावाला, गावाने, गावाहून, गावाचा, गावात, गावांनो. गाव तेच, नाते मात्र प्रत्येक वेळी निराळे. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी मूळ शब्द थोडा वाकतो. 'गाव'चे 'गावा' होते. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो.

आता हाच शब्द पालीत पाहू. पालीत गावाला 'गाम' म्हणतात. त्याची एकवचनी रूपे अशी :

पठमा (प्रथमा) : गामो – गाव
दुतिया (द्वितीया) : गामं – गावाला
ततिया (तृतीया) : गामेन – गावाने
चतुत्थी (चतुर्थी) : गामाय, गामस्स – गावासाठी
पञ्चमी (पंचमी) : गामा, गामम्हा, गामस्मा – गावाहून
छट्ठी (षष्ठी) : गामस्स – गावाचा
सत्तमी (सप्तमी) : गामे, गामम्हि, गामस्मिं – गावात
आलपन (संबोधन) : गाम – हे गावा

पालीचा तक्ता अवघड आहे, असे म्हणणाऱ्या पालकांना आम्ही नेहमी एक गोष्ट दाखवून देतो. रोजच्या वंदनेत मुले 'दुतियम्पि' आणि 'ततियम्पि' म्हणतात. दुतिया, ततिया ही विभक्तींची नावे त्यांच्या जिभेवर आधीच आहेत. 'बुद्धं', 'धम्मं', 'संघं' या शब्दांवरील अनुस्वार हीच पालीतील द्वितीया. 'नमो बुद्धाय' असे एकमेकांना म्हणताना आपण 'बुद्धाय' हे चतुर्थीचे रूप वापरतो. 'बहुजनहिताय' या शब्दातही तीच चतुर्थी आहे. आपल्या घरांतील आजीला व्याकरणाचा तक्ता येत नसेल. पण विभक्तीची रूपे ती बिनचूक उच्चारते.

संस्कृतात आठ विभक्ती आणि तीन वचने आहेत. म्हणजे एका नामाची चोवीस रूपे. पालीने द्विवचन जवळजवळ टाकून दिले आणि रूपे सोळावर आणली. त्यातही चतुर्थी आणि षष्ठी बऱ्याच ठिकाणी एक झाल्या; वरच्या तक्त्यात 'गामस्स' दोनदा आले आहे, ते पाहावे. लोकांच्या तोंडी असलेली भाषा अशीच सुटसुटीत होत जाते. मराठीतही द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच आहेत : स, ला, ते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. शाळेत आजही आठ विभक्तींचा तक्ता संस्कृताच्याच चौकटीत शिकवला जातो.

इंग्रजीने तर नामांच्या विभक्ती जवळपास गमावल्या. 'ही, हिम, हिज' अशा सर्वनामांत त्यांचे अवशेष दिसतात. बाकीचे काम शब्दांचा क्रम आणि 'फ्रॉम', 'टू', 'इन' असे सुटे शब्द करतात. उलट फिनिश भाषेत पंधरा विभक्ती मोजल्या जातात. विभक्ती जास्त असलेली भाषा श्रेष्ठ आणि कमी असलेली कनिष्ठ, असे यावरून मुळीच ठरत नाही. नाते दाखवण्याची सोय प्रत्येक भाषेत असते. ती प्रत्ययात असेल, सुट्या शब्दात असेल किंवा क्रमात असेल.

पंचमी : निघण्याची विभक्ती

आपल्या विषयाची गुरुकिल्ली पंचमीत आहे, म्हणून तेथे थोडे थांबू.

मराठीत पंचमीचे प्रत्यय ऊन आणि हून. करंज्याहून रेवसला लाँच जाते. येथे करंजा बंदर हे निघण्याचे ठिकाण. लाँच खाडी ओलांडून पलीकडे जाते, बंदर जागच्या जागी राहते. पाणिनीने याला 'अपादान' म्हटले आणि त्याची व्याख्या मोठी नेमकी केली : दोन गोष्टी एकमेकींपासून दूर होत असताना जी स्थिर राहते, ती अपादान. आमच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या मुलाला "तू कुठून आलास?" असे विचारले की तो पंचमीत उत्तर देतो. तो निघालेला असतो. गाव मागे स्थिर असते.

पंचमीचा एक प्राचीन पुरावा आपल्यापासून फार दूर नाही. पनवेलहून खोपोलीमार्गे बोरघाट चढून लोणावळ्यापुढे गेले की कार्ल्याची लेणी लागतात. तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लिपीतील दानलेख आहेत. भाषा प्राकृत. त्यांपैकी अनेक लेखांत 'धेनुकाकटा' हा शब्द येतो. ही पंचमी आहे : धेनुकाकट या गावाहून आलेल्याचे दान. दात्यांत काही यवनही आहेत. 'यवनस' ही षष्ठी, म्हणजे यवनाचे. इतिहासाच्या सहलीला मुलांना आम्ही खांबांची उंची सांगतो. पण त्या खांबावर पंचमी आणि षष्ठी शेजारी शेजारी कोरलेली आहे, हे सांगितले की मुले खांबाजवळ जाऊन अक्षरे शोधू लागतात.

निघणे जसे जागेपासून असते तसे कृतीपासूनही असते. पंचशीलातील 'पाणातिपाता', 'अदिन्नादाना', 'मुसावादा' ही सर्व रूपे पंचमीची आहेत. हिंसेपासून, न दिलेले घेण्यापासून, खोटे बोलण्यापासून दूर होणे. गावाहून निघणे आणि हिंसेपासून निघणे या दोन्हींसाठी भाषेने एकच विभक्ती ठेवली आहे.

आणि तिसरे निघणे म्हणजे तुलना.

"बोंबलाहून पापलेट महाग." बंदरावरचे कोणतेही मूल हे वाक्य बोलते. येथे बोंबील कोठेही जात नाही, पापलेटही जात नाही. तरी प्रत्यय 'हून'च आहे. कारण तुलना करताना मन एका गोष्टीपासून निघते आणि दुसरीपर्यंत पोहोचते. बोंबील हा स्थिर बिंदू, तेथून मोजायला सुरुवात. पालीतही असेच. 'गामा नगरं महन्ततरं' असे वाक्य रचले तर अर्थ होतो : गावाहून नगर मोठे. 'गामा' ही पंचमीच.

ही केवळ आपल्याकडची रीत नाही. हिंदीत 'से' निघण्यासाठीही आहे आणि तुलनेसाठीही : 'गाँव से आया', 'गाँव से बड़ा'. गुजरातीत तेच काम 'थी' करते. लॅटिनमध्ये अपादानाच्या विभक्तीने तुलना करता येत असे. तुर्कीत 'दान' किंवा 'देन' हा 'पासून'चा प्रत्यय तुलनेतही लागतो. जपानीत 'योरि' या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत. अरबीत 'मिन' म्हणजे 'पासून', आणि तुलनेतही 'मिन'च येते. तमिळमध्ये तुलनेसाठी येणाऱ्या 'विड' या शब्दाचे मूळ 'सोडणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. इंग्रजीची वाट थोडी निराळी : तेथील 'दॅन' हा शब्द मुळात 'त्यानंतर' या अर्थाच्या 'देन'चाच भाऊ. आधी एक, त्यानंतर दुसरा, असा तो क्रम. एकमेकांशी नातेसंबंध नसलेल्या इतक्या भाषांना एकच कल्पना सुचावी, हे माणसाच्या मनाच्या सारखेपणाचे मोठे प्रमाण आहे.

तर आणि तम

विभक्ती नामाला लागते. काही भाषा तुलनेची खूण विशेषणालाही लावतात. संस्कृतात दोघांमधील तुलनेसाठी 'तर' आणि पुष्कळांमधील तुलनेसाठी 'तम' : लघु, लघुतर, लघुतम. दुसरी जोडी 'ईयस्' आणि 'इष्ठ' : श्रेयस्, श्रेष्ठ, कनीयस्, कनिष्ठ. पालीने या दोन्ही जोड्या आपल्या उच्चारात घेतल्या : पाप, पापतर, पापतम, तसेच पापिय, पापिट्ठ. संस्कृतातील श्रेयस् आणि श्रेष्ठ पालीत 'सेय्य' आणि 'सेट्ठ' होतात. पालीतील 'सेट्ठि' म्हणजे धनिक व्यापारी. अनाथपिण्डिक हा श्रावस्तीचा सेट्ठि होता. पनवेलच्या बाजारात आपण ज्याला 'शेट' म्हणतो, त्या शब्दाचे मूळ तेच. दुकानदाराला हाक मारताना आपण नकळत तम-भाव वापरत असतो!

इंग्रजीतील 'बिग, बिगर, बिगेस्ट' मधील 'एस्ट' आणि संस्कृतातील 'इष्ठ' एकाच मूळ भाषाकुलातून आले आहेत. 'स्वादिष्ठ' आणि 'स्वीटेस्ट' हे शब्द शेजारी ठेवून मोठ्याने उच्चारावेत. नाते कानालाच कळते. अरबीत विशेषणाचा साचाच बदलतो : 'कबीर' म्हणजे मोठा, 'अकबर' म्हणजे अधिक मोठा. बादशहाच्या नावात तुलना आहे, संताच्या नावात ती नाही.

गणिताच्या तासाला मुले लसावि आणि मसावि शिकतात. 'लघुतम' मध्ये त एकच, कारण लघु अधिक तम. 'महत्तम' मध्ये त जोडाक्षरात, कारण महत् अधिक तम. प्रत्यय ओळखला की शुद्धलेखन पाठ करावे लागत नाही. 'उत्तर' आणि 'उत्तम' हेही मुळात तर-तमच आहेत : उत् म्हणजे वर, अधिक वरचे ते उत्तर, सर्वांत वरचे ते उत्तम. बुद्धवंदनेत येणारे 'अनुत्तर' हे विशेषण याच उत्तरापासून झाले आहे. ज्याच्याहून वरचा दुसरा नाही, तो अनुत्तर.

लहान मुलांना 'तर' लक्षात राहावा म्हणून आम्ही एक युक्ती करतो. कोकणात खाडी ओलांडणाऱ्या होडीलाही 'तर' म्हणतात. हा शब्द आणि तो प्रत्यय एक नव्हेत, हे आम्ही मुलांना स्पष्ट सांगतो. पण होडीच्या तरीला दोन काठ लागतात, तसे प्रत्ययाच्या तर-लाही दोन काठ लागतात, एवढे साम्य मुलांना पुरते. एका काठावर कोणी नसेल, तर तुलना होत नाही.

एक प्रत्यय, दोन दरवाजे

येथे इतिहासातील एक प्रसंग आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले.

आता व्याकरणाची गंमत पाहा. फारसीत तुलनेचा प्रत्यय कोणता? 'तर'! चांगला तो 'बेह', अधिक चांगला 'बेहतर'. वाईट तो 'बद', अधिक वाईट 'बदतर'. संस्कृतातील तर, फारसीतील तर आणि ग्रीकमधील 'तेरोस' हे एकाच प्राचीन मुळाचे अंकुर आहेत. फारसीत तुलनेच्या वेळी येणारा 'अज' हा शब्द 'पासून' या अर्थाचाच. शिवकालीन पत्रांच्या आरंभी 'अज रख्तखाने' असे लिहिलेले असते, तोच हा 'अज'. म्हणजे एका दरवाजावर ज्या मुलाला अडवले, त्याला तोच प्रत्यय आणि तीच पंचमी दुसऱ्या दरवाजाने भेटली. अडवणाऱ्यांना वाटत होते की ही विद्या आपली एकट्यांची आहे. भाषाशास्त्र सांगते की ती कोणा एकाची कधीच नव्हती.

पुढे बाबासाहेबांनी संस्कृत स्वप्रयत्नाने आत्मसात केले. पालीचा अभ्यास केला. पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश यांचे काम केले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर आपल्या लाखो अनुयायांना ती दिली. ज्या लोकांना विभक्तीच्या तक्त्याजवळही येऊ दिले नव्हते, त्यांच्या मुखात त्या दिवसापासून द्वितीया आणि पंचमी रोजची झाली.

मराठीने फारसीतील 'तर' जपूनही ठेवला आहे. 'कमतरता' हा शब्द घ्या : 'कम' फारसी, 'तर' फारसी आणि शेवटचा 'ता' संस्कृत. 'जनावराहून बदतर जिणे' या वाक्प्रयोगात मराठी पंचमी आणि फारसी तर-भाव एकत्र नांदतात. त्या शब्दांत कोणाचे जिणे वर्णिले जात होते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मराठीची रीत, आणि आमची एक चूक

मराठीचा स्वतःचा स्वभाव मात्र निराळा आहे. ती विशेषणाला हात लावत नाही. 'मोठा' हे विशेषण लिंग-वचनाप्रमाणे मोठी, मोठे होते. पण तुलनेसाठी ते बदलत नाही. "भाऊ मोठा", "भाऊ बहिणीहून मोठा", "भाऊ सर्वांत मोठा" – तिन्ही ठिकाणी 'मोठा' तोच. तुलना ज्याच्याशी होते त्या नामावर खूण बसते : बहिणीहून, सर्वांत. इंग्रजी विशेषण बदलते. मराठी नाम बदलते. म्हणून इंग्रजीचे भाषांतर करताना मुलांचा गोंधळ होतो. 'मोठ्यातर' असे काही असते का, असे एकाने विचारले होते. तसे नसते, आणि त्यात मराठीचे काही कमी पडत नाही.

'हून'च्या जोडीला मराठीत 'पेक्षा' आहे. तो संस्कृत 'अपेक्षा' या शब्दावरून आला. आणि आणखी एक आहे : 'परीस'. त्याच्याविषयी एक कबुली द्यायची आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, दुसऱ्या एका गावी, आम्ही निबंधाच्या वह्या तपासत होतो. विषय 'माझे कुटुंब'. मराठवाड्यातून आलेल्या एका मुलाने लिहिले होते : "माझ्यापरीस माझी बहीण हुशार हाय, पर तिची शाळा सुटली." आम्ही लाल शाईने 'परीस', 'हाय' आणि 'पर' यांना गोल केले, 'पेक्षा, आहे, पण' असे समासात लिहिले आणि दोन गुण कापले. वही परत दिली. नंतर त्या मुलाच्या निबंधात बहीण पुन्हा आली नाही.

'परीस' अशुद्ध नाही, हे आम्हाला पुढे कळले. जुन्या मराठीत तो तुलनेचा नेहमीचा शब्द आहे. कोकणीत 'परस' या रूपात तो आजही सर्रास चालतो. 'पेक्षा' हा संस्कृतातून उचललेला, 'परीस' मराठीच्या अंगणातला. तरी आम्ही अंगणातल्याला बाहेर काढले. पण खरी चूक ती नव्हती. त्या वाक्यात एका मुलाने स्वतःला बहिणीहून लहान म्हटले होते, तेही न दुखावता. आणि तिची शाळा सुटल्याचे सांगितले होते. आम्ही प्रत्यय वाचला, वाक्य वाचले नाही. बहीण कोणत्या इयत्तेत होती, शाळा का सुटली, हे विचारायला हवे होते. ते विचारले नाही. त्या दिवसापासून वहीतील बोलीला आम्ही गोल करीत नाही. शेजारी प्रमाण रूप लिहितो आणि "घरी असे, परीक्षेत असे" एवढेच सांगतो.

पूर्ण तुलना कशी करावी?

आता सारे धागे एकत्र आणू. "सुमन शोभापेक्षा मोठी" हे वाक्य पूर्ण वाटते, पण नाही. कशाने मोठी? वयाने, उंचीने की अभ्यासाने? पूर्ण तुलनेला चार गोष्टी लागतात. कोण, हे प्रथमा सांगते. कोणाहून, हे पंचमी सांगते. कशाने, हे तृतीया सांगते : वयाने, गुणाने, श्रमाने. आणि कोणांमध्ये, हे सप्तमी सांगते : वर्गात, गावात, सर्वांत. या चार खुंट्यांपैकी एखादी गाळली की तुलना सैल होते.

'श्रेष्ठ', 'उच्च', 'ज्येष्ठ' या शब्दांतील धोका येथे आहे. त्यांत तुलना आतच शिवलेली असल्यामुळे पंचमी आणि तृतीया सांगितल्या नाहीत तरी वाक्य पुरे झाल्यासारखे वाटते. "अमुक वर्ण श्रेष्ठ." कोणाहून? कशाने? हे प्रश्न विचारू दिले गेले नाहीत, म्हणून ते वाक्य हजारो वर्षे टिकले. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन पायऱ्यांच्या विषमतेचे केले. प्रत्येक पायरीला खाली एक 'हून' मिळतो, म्हणून वरच्या पायरीला कोणी प्रश्न करीत नाही. अशा वाक्यासमोर व्याकरणाचा साधा प्रश्न ठेवला, तरी ते डळमळते.

भगवान बुद्धांनी नेमका हाच प्रश्न तृतीयेत विचारला आहे. सुत्तनिपातातील वसलसुत्तात माणूस हीन किंवा उत्तम कशाने होतो याची चर्चा आहे. तेथे दोन शब्द समोरासमोर येतात : 'जच्चा', म्हणजे जन्माने, आणि 'कम्मना', म्हणजे कर्माने. पहिला बुद्धांनी नाकारला, दुसरा स्वीकारला. तृतीयेच्या जागी कोणते नाम बसवायचे, एवढ्या प्रश्नावर सारी समाजरचना उभी राहते किंवा कोसळते.

पाली परंपरेत 'मान' म्हणजे अहंकार तीन प्रकारचा सांगितला आहे : मी वरचढ असा सेय्यमान, मी बरोबरीचा असा सदिसमान आणि मी हलका असा हीनमान. वाचकांना दुसरा प्रकार खटकेल. आपण तर समतेसाठी झगडतो. मग बरोबरीही अहंकार कशी? आमच्या समजुतीप्रमाणे, सतत दुसऱ्याकडे पाहून स्वतःला मोजत राहणे हा तेथे दोष मानला आहे. हीनमान हाही अहंकारात मोजला आहे, हे आपल्या मुलांना विशेष सांगितले पाहिजे. "आम्ही मागासलेले, आम्हाला काय जमणार" असे म्हणणारा मुलगा नम्र नसतो. त्याच्या मनावर कोणीतरी चुकीची पंचमी कोरून ठेवलेली असते.

समतेला भाषेने निराळी विभक्ती दिली आहे. 'इतका' आणि 'सारखा' हे शब्द आहेतच, पण 'समान' म्हणताना आपण म्हणतो, "तो तुझ्याशी समान." हा 'शी' तृतीयेचा. मित्राशी बोलणे, शेजाऱ्याशी वागणे, यांतला हाच 'शी'. संस्कृतातही 'सम' आणि 'तुल्य' यांच्या सोबत तृतीया येते. लहान-मोठेपण दूर होण्याच्या विभक्तीत सांगितले जाते आणि समानता सोबतीच्या विभक्तीत.

सर्वांत

शेवटी तम-भावाकडे वळू. "सर्वांत हुशार" म्हणताना आपण 'सर्वांहून' म्हणू शकतो, पण बहुधा 'सर्वांत' म्हणतो. ही सप्तमी. इंग्रजीतही 'ऑफ ऑल', 'इन द क्लास' असे म्हणतात. पालीतही अशा वेळी षष्ठी किंवा सप्तमी येते. जो पहिला आला तो वर्गाच्या बाहेर गेला नाही. वर्गातच आहे, म्हणून तर पहिला आहे.

या शाळेतून गेलेले अनेक विद्यार्थी आज मोठ्या पदांवर आहेत. ते गावाहून निघाले, ही पंचमी. गावात त्यांचे नाव घेतले जाते, ही सप्तमी. दोन्ही विभक्ती सांभाळणे अवघड असते, याची आम्हाला कल्पना आहे. तरीही सुट्टीत घरी गेलेल्या माजी विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील एखाद्या मुलीची वही उघडून पाहावी, आणि तिची शाळा सुटणार असेल तर कारण विचारावे. आमच्याकडून एकदा ते राहून गेले.

घरी करून पाहण्यासाठी

पालकांनी मुलांसोबत बसून पुढील चार गोष्टी कराव्यात. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरेशी आहे.

१. वंदनेतील कोणतेही पाच शब्द घ्यावेत आणि प्रत्येकाची विभक्ती ओळखावी.

२. आपल्या बोलीत 'पेक्षा'साठी कोणता शब्द आहे, तो आजी-आजोबांना विचारून वहीत लिहावा. त्याखाली हिंदी आणि इंग्रजीतील शब्द लिहावा.

३. वर्तमानपत्रात 'श्रेष्ठ', 'सर्वोच्च', 'अव्वल' असा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारावेत : कोणाहून? कशाने? कोणांमध्ये? उत्तर मिळाले नाही, तर वाक्य अपुरे समजावे.

४. घरातील दोन मुलांची तुलना करणारे एखादे वाक्य आपण रोज बोलतो का, ते आठवावे. ते 'हून'ऐवजी 'शी' वापरून सांगता येते का, ते पाहावे.